इंग्रजी ‘पंच’ आणि आपले पाच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉटेलच्या मेनूकार्डावर ‘फ्रूट पंच’ दिसलं की टेबलावरचं कोणीतरी हमखास म्हणतं, ‘हा शब्द आपलाच बरं का, पाच वस्तूंचा म्हणून पंच!’ त्यावर दुसरं कोणी म्हणतं, ‘काहीतरीच! सगळं कसं आपलंच असेल?’ मला शब्दांचा नाद आहे हे ओळखीच्या लोकांना ठाऊक असल्यामुळे हा वाद बरेचदा माझ्याकडे येऊन पोचतो. दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. या शब्दाचा माग सुरत, गोवा आणि मुंबई असा आपल्याच अंगणातून जातो, तिथे मला घाई करवत नाही.

पंच म्हणजे नेमकं कोणतं पेय?

कडक दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि वर जायफळासारखा एखादा मसाला. हे सगळं मोठ्या वाडग्यात कालवायचं, मधोमध ठेवायचं आणि ओगराळ्याने ज्याच्या त्याच्या पेल्यात वाढायचं. एकट्याने कोपऱ्यात बसून प्यायचं हे पेय नव्हतं, ते पंगतीचं होतं. आज पंच या नावाखाली फळांच्या रसांपासून सोड्यापर्यंत काहीही मिळतं. मात्र या पानावर ‘पंच’ म्हटलं की सतराव्या शतकातला तो वाडगा डोळ्यांसमोर ठेवा.

एका वाक्यात सांगा: हा शब्द ‘पाच’वरून आला का?

बहुधा हो. फक्त त्यातला ‘बहुधा’ गाळून पुढे सांगू नका. तो का ठेवायचा, ते खाली येईल.

पाच वस्तूंची ही गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली?

जॉन फ्रायर याने. हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ साली हिंदुस्थानात आला. सुरत, मुंबई, कारवार, गोवा अशी त्याची भटकंती झाली. १६७५ मध्ये तो मुघल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जुन्नरलाही गेला होता. शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील रायगडावर गेला, त्याचा वृत्तान्त याच फ्रायरच्या प्रवासवर्णनात येतो. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक ज्याला चांगलं ओळखतात तोच हा माणूस.

गोव्याच्या बाजूचं लिहिताना तो सांगतो की सगळ्यात चांगली अ‍ॅरॅक, म्हणजे इथली गाळलेली कडक दारू, नेरूलला होते. तिला तो ‘नेपा दि गोवा’ असंही म्हणतो. या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून ‘पॉंच’ नावाचं, माणसाला ढिलं पाडणारं पेय बनवतात. मग खुलासा करतो: पॉंच म्हणजे हिंदुस्थानी भाषेत पाच, कारण त्यात पाच जिन्नस पडतात.

त्याच्या पुढची ओळ सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तीच सर्वात मोलाची वाटते. फ्रायर डॉक्टर होता. तो लिहितो की आमचे वैद्यसुद्धा पाच द्रव्यांच्या औषधाला ‘डायापेंटे’ आणि चार द्रव्यांच्या औषधाला ‘डायाटेसेरॉन’ म्हणतात, तसंच हे. जिन्नस मोजून नाव ठेवायची रीत त्याला आपल्या दवाखान्यातून माहीत होती, म्हणून इथलं नाव त्याला चटकन उमगलं. आपल्याला तर ते समजावूनच सांगायला नको. त्रिफळा, त्रिकटू, पंचखाद्य, पंचामृत, पंचगव्य, दशमूळ... आपल्याकडे मोजणी हेच नाव असतं.

यूल आणि बर्नेल यांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश १८८६ साली निघाला. त्यांनीही हाच धागा पकडला होता. उत्तरेत घोड्यांच्या एका औषधाला ‘बत्तिशी’ म्हणतात, कारण त्यात बत्तीस द्रव्यं पडतात अशी समजूत आहे, हे उदाहरण त्यांनी ‘पंच’ या नोंदीत दिलं आहे. फारसीतला ‘पंज’ किंवा हिंदी आणि मराठीतला ‘पांच’ हे मूळ असावं, असं ते सांगतात. मराठीचं नाव तिथे स्पष्ट आहे.

ते पाच जिन्नस कोणते?

अ‍ॅरॅक, साखर, लिंबाचा रस, मसाला आणि पाणी ही रूढ यादी. अडचण अशी की जुन्या लेखकांनी स्वतः चाखून जे लिहून ठेवलं त्यात दर वेळी पाच भरत नाहीत.

योहान आल्ब्रेक्ट फॉन मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ साली सुरतेच्या इंग्रजांकडे उतरला होता. तिथल्या पेयाला तो ‘पालेपुंट्झ’ म्हणतो आणि त्यात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर सांगतो. चारच झाले. फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य बंगालबद्दल लिहिताना ‘बूलपाँज’ म्हणतो. गुळापासून काढलेली दारू, लिंबाचा रस, पाणी आणि थोडं जायफळ. पुन्हा चार. जिभेला बरं लागतं पण शरीराला फार अपायकारक, असा शेराही तो मारतो.

‘पालेपुंट्झ’ आणि ‘बूलपाँज’ ही नावं विचित्र वाटली तरी ती मुळात एकच आहेत. इंग्रज ‘बोल ओ पंच’, म्हणजे पंचचा वाडगा, असं म्हणत. ते एका जर्मनाच्या आणि एका फ्रेंचाच्या कानांवर जसं पडलं तसं त्यांनी टिपलं. लिहिणाऱ्याचा कान कागदावर असा उमटलेला दिसला की मला फार आनंद होतो.

सगळ्यात जुना उल्लेख कधीचा?

२८ सप्टेंबर १६३२. कंपनीच्या चाकरीतल्या रॉबर्ट अ‍ॅडम्स याने टॉमस कोली नावाच्या व्यापाऱ्याला पत्र लिहिलं. तुम्ही सगळे नीट मिळूनमिसळून राहाल आणि पंचचा हात आखडता घेणार नाही अशी आशा, असा त्यातला मजकूर. खुलासा काही नाही. याचा अर्थ लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला शब्द आधीच अंगवळणी पडलेला होता, त्यामुळे तो १६३२ च्या आधीपासून बोलण्यात असणार.

कोली होता पेटापोलीला, म्हणजे आजच्या आंध्रातल्या निजामपट्टणला. इथे थोडं थांबायला हवं. तेलुगूत पाचाला ‘ऐदु’ म्हणतात. शब्दाची पहिली नोंद तेलुगू मुलखातली असेल, तर ‘पाच’ आला कुठून? माझ्या मते ही अडचण भासते तेवढी मोठी नाही. तो किनारा तेव्हा गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत होता. तिथे दरबारी फारसी चाले, दखनी कानावर पडे. शिवाय कंपनीची माणसं आज सुरतेच्या वखारीत, तर उद्या मछलीपट्टणच्या. शब्द त्यांच्याबरोबर गलबतातून हिंडत असत. पण पहिलं पत्र सुरतेचं किंवा मुंबईचं असतं, तर आपली बाजू आणखी भक्कम झाली असती, हे मान्य केलंच पाहिजे.

मग अभ्यासकांना शंका कशाची आहे?

मुख्य शंका उच्चाराची. आज इंग्रज ‘पंच’ म्हणतो तो आपल्या ‘पंच’च्या अगदी जवळ वाटतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र त्या अक्षराचा उच्चार ‘उ’कडे झुकणारा होता, साधारण ‘पुंच’ असा. मांडेल्स्लोच्या ‘पुंट्झ’मध्ये तो ऐकूही येतो. ‘पांच’ ऐकणारा इंग्रज त्याला ‘पुंच’ का करेल?

दुसरी शंका अशी की इंग्रजीत ‘पंचन’ नावाचं मोठं लाकडी पिंप होतं. दारूची साठवण त्यातच. खलाशांना शब्द तोडायची सवय असते, तेव्हा ‘पंचन’चा ‘पंच’ झाला असेल.

तिसरी शंका मघाशी आलीच. पाच वस्तूंचं पेय म्हणता, मग चार कशा निघतात?

या शंकांवर तुमचं स्वतःचं मत काय?

पिंपाची व्युत्पत्ती मला पटत नाही. पंच पिंपात मुरवत नसत, तो वाडग्यात कालवत. पिंपातली दारू जशी काढली तशी पिणं आणि पंच बनवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पेयाचं नाव त्याच्या कृतीवरून पडणं जास्त स्वाभाविक वाटतं.

उच्चाराची शंका मात्र खरी आहे, ती उडवून लावता येत नाही. तिच्यासमोर एवढंच मांडता येतं की मूळ शब्द दीर्घ ‘पांच’ नसून ऱ्हस्व ‘पंज’ किंवा समासातला ‘पंच’ असू शकतो. आपला ऱ्हस्व ‘अ’ इंग्रज पुढे ‘यू’ हे अक्षर वापरूनच लिहू लागले. पंजाब, पंडित, पंखा हे शब्द त्यांनी कसे लिहिले ते आठवून पाहा. ही पद्धत रुळली थोडी नंतर, एवढीच या युक्तिवादातली कमजोरी.

आणि चार जिन्नसांचं म्हणाल, तर आपल्याच स्वयंपाकघरात बघा. पंचखाद्य म्हणून नैवेद्याला जे समोर येतं त्यात घरोघरी जिन्नस बदलतात. कोणी मोजायला बसत नाही. नाव एकदा बसलं की यादी सैल होते.

सगळं तोलून पाहिल्यावर माझा कौल ‘पाच’च्या बाजूने पडतो. फ्रायर या किनाऱ्यावर त्याच माणसांत वावरला होता, त्याने ऐकलेला अर्थ आपण सहजी बाजूला सारू नये. पण त्याने तो लिहिला तेव्हा शब्द निदान चाळीस वर्षं जुना झाला होता, आणि चाळीस वर्षांत लोक शब्दाला नवा अर्थही चिकटवतात. ‘बहुधा’ ठेवा म्हणतो ते यासाठी.

हा ‘पाच’ मराठीचा म्हणायचा, हिंदीचा, की फारसीचा?

निवाडा करण्यासारखा पुरावा नाही, आणि तशी गरजही नाही. संस्कृत पञ्च, मराठी पाच, फारसी पंज ही सगळी एका घराण्यातली भावंडं. ग्रीक पेन्टे आणि लॅटिन क्विन्क्वेसुद्धा त्याच घराण्यातले. एवढंच काय, इंग्रजी ‘फाइव्ह’ही तिथलाच. पंचची व्युत्पत्ती खरी धरली तर इंग्रजांच्या घरात एकच शब्द दोनदा आला: एकदा वडिलोपार्जित ‘फाइव्ह’ म्हणून आणि दुसऱ्यांदा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून ‘पंच’ म्हणून.

अ‍ॅरॅक म्हणजे काय? तिचा फेणीशी संबंध आहे का?

जवळचा आहे. अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम. भट्टीवर भांडं तापलं की वाफ वर जाते, थंड होते आणि थेंब थेंब गळते. ते थेंब म्हणजे भांड्याचा घाम. त्या शब्दावरून इंग्रजी अ‍ॅरॅक आली आणि आपला ‘अर्क’ही तिथूनच. ओव्याचा अर्क, पुदिन्याचा अर्क म्हणताना त्यात घाम आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. एखाद्याला ‘तो म्हणजे अर्क आहे’ म्हणतो तेव्हासुद्धा त्याला पुरतं गाळून काढल्यासारखंच म्हणत असतो. (संस्कृतातला सूर्यवाचक अर्क वेगळा, त्याची इथे गल्लत नको.)

गोव्याची त्या काळची नावाजलेली अ‍ॅरॅक माडाच्या सुरेपासून गाळत. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ साली इंग्लंडहून निघून पुढे सुरतेला आला होता. त्याने गोव्याची आणि बंगालची अशा दोन अ‍ॅरॅकची तुलना करून ठेवली आहे. बंगालची जास्त जहाल, पण पंचसाठी युरोपियन दोन्ही वापरतात असं तो सांगतो.

काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं आणि पुढे काजूच्या बोंडांपासूनही दारू निघू लागली. आज गोव्यात उन्हाळ्यात काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू मिळते, तिचं नाव उर्राक. कोणी हुर्राकही म्हणतं. हा उर्राक म्हणजे तोच ‘अरक’. ती पुन्हा गाळली की फेणी. फेणीचं नाव फेसावरून पडलं असं गोव्यात सांगतात. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे फ्रायरने जिचं कौतुक केलं ती माडाची अ‍ॅरॅक नावापुरती मागे पडली असली, तरी तिचा शब्द काजूच्या मोसमात दर वर्षी बाटलीतून बाहेर येतो.

मुंबईत पंच प्यायला जात होता का?

हो, आणि तो इतका चाले की सरकारला नियम करावा लागला. मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आलं १६६८ मध्ये. १६९४ सालच्या मुंबई सरकारच्या हुकुमांत एक नोंद सापडते: कोणी खानावळीत पंच प्यायला आला, तर त्याने एक क्वार्ट चांगली गोव्याची अ‍ॅरॅक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट चांगलं लिंबूपाणी मागून घ्यावं आणि आपला पंच आपण करावा.

आजच्या मापात हे साधारण लिटरभर दारू, सव्वादोनशे ग्रॅम साखर आणि पाव लिटर लिंबाचा रस असं होतं. माप इतकं बारकाईने ठरवून द्यावं लागलं, त्या अर्थी खानावळवाले हात मारत असणार हे उघड आहे. दारू ‘चांगली गोव्याची’ असा आग्रहही नजरेआड करू नका. दुसऱ्या कुठल्या दारूचं नावच नाही. माल गोव्याचा, पिणारा इंग्रज, नियम मुंबईचा. ‘पंच’ची व्युत्पत्ती उद्या कोणी खोटी ठरवली तरी या नोंदीला धक्का लागत नाही. शब्दावर आपला हक्क थोडा डळमळीत आहे, पण वाडग्यातल्या जिन्नसांवर आपल्या किनाऱ्याचा ठसा पक्का आहे.

‘पंचघर’ म्हणजे काय?

पंच मिळायची खानावळ म्हणजे ‘पंच हाउस’. मुंबई, मद्रास, कलकत्ता या बंदरांत खलाशांच्या गुत्त्यांना हे नाव पडलं. इथल्या लोकांनी त्याचं अर्धं भाषांतर केलं, ‘पंचघर’. पुढे उत्तरेत हाच शब्द नगरपालिकेच्या बैठकीच्या जागेला वापरू लागले, कारण ऐकणाऱ्याला पंच म्हणजे पंचायतीतले पंच वाटले! यूल आणि बर्नेल यांच्या कोशाच्या पुढच्या आवृत्तीत ही भर आहे. एकाच नावाने गुत्ता आणि सभागृह दोन्ही ओळखले गेले.

इंग्रजांनी हे पेय आपल्याकडून उचललं, की स्वतः शोधलं?

शब्द जरी आपला धरला, तरी पेयाची जुळणी इंग्रज खलाशांनी आणि वखारवाल्यांनी केली असं मला वाटतं. घरची बियर आणि वाइन इथवर येईतो नासून जात असे. हाताशी होती ती अ‍ॅरॅक, आणि नुसती ती घशाखाली उतरणं कठीण. लिंबं आणि साखर इथे मुबलक आणि स्वस्त होती, जायफळाचा तर त्यांचा व्यापारच चालला होता.

आपल्याकडे दारू सोडून बाकीचा भाग मात्र आधीपासून होता. आंबट, गोड, पाणी आणि सुवास यांच्या मिश्रणाला संस्कृतात ‘पानक’ म्हणतात. त्याचंच आपलं पन्हं. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, पाणी, वेलची, चिमूट मीठ... मोजा, पाचच भरतील. चैत्रातल्या हळदीकुंकवाचं पन्हं आणि सुरतेच्या वखारीतला पंच यांच्यात नातं जोडायचा पुरावा माझ्याकडे नाही. पण या हवेत ज्याला तहान लागेल त्याचा हात आंबट-गोडाकडेच जाणार, एवढं साम्य पुरेसं बोलकं आहे.

पुढे हा शब्द जगभर कसा पोचला?

जहाजांबरोबर. इंग्लंडात अ‍ॅरॅक महाग पडे. वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांतली रम स्वस्त मिळू लागल्यावर वाडग्यात रम आली. चिनी मातीचे मोठे नक्षीदार पंचवाडगे श्रीमंत घरांत मिरवू लागले. विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७३० च्या दशकात रंगवलेली मध्यरात्रीची एक बैठक प्रसिद्ध आहे. टेबलावर मधोमध पंचचा भलामोठा वाडगा आणि भोवती झिंगून कलंडलेले सभ्य गृहस्थ.

अ‍ॅरॅकशी सगळ्यात इमान राखलं ते स्वीडनने. त्यांची स्वतःची ईस्ट इंडिया कंपनी १७३१ साली स्थापन झाली. तिच्या जहाजांतून आलेल्या बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या अ‍ॅरॅकचं ‘पुन्श’ तिथे रुजलं. आजही गुरुवारी वाटाण्याच्या सुपाबरोबर गरम पुन्श घ्यायची तिथे रीत आहे. शब्दाचं मूळ पाचात असेल तर आपला पाच तिथे दर गुरुवारी जेवायला बसतो.

ठोसा म्हणजे पंच आणि कागदाला भोक पाडायचा पंच, तेही यातलेच का?

नाहीत. ते लॅटिनमधल्या ‘टोचणे’ या धातूवरून फ्रेंचमार्गे आले. आपल्या रोजच्या बोलण्यातलं ‘पंक्चर’ हे त्यांचं सख्खं भावंड. पाच बोटांचा पंजा आवळून मारतो म्हणून ठोशाला पंच म्हणतात, असं कुठे कुठे सांगितलं जातं, ते चूक आहे. ‘पंजा’ मात्र खरोखर फारसी पाचावरूनच आला.

आणि ‘पंच’ नावाचं साप्ताहिक?

ते तिसऱ्याच मुळाचं. इटालियन नाटकातलं पुल्चिनेला नावाचं विदूषकी पात्र इंग्लंडात ‘पंचिनेलो’ आणि मग बाहुल्यांच्या खेळातला ‘मिस्टर पंच’ झालं. ‘पंचसारखा खूश’ हा इंग्रजी वाक्प्रचार याच बाहुल्याचा, पेयाचा नव्हे. त्याच्या नावाने लंडनमध्ये १८४१ साली विनोदी साप्ताहिक निघालं. संस्थापकांपैकी एकाचं नाव मार्क लेमन. लिंबाशिवाय पंचला चव नाही, अशी कोटी तेव्हाच झाली असं सांगतात.

या नावाने इकडे आल्यावर आणखी एक वळण घेतलं. ठाण्याहून ‘हिंदुपंच’ हे मराठी साप्ताहिक निघालं, मुंबईहून ‘हिंदी पंच’ हे व्यंगचित्रांचं पत्र. हिंदी पंचने इंग्रजी बाहुल्याला इथला पेहराव चढवला आणि त्याला ‘पंचोबा’ म्हटलं. वाचणाऱ्याला त्यात चार लोकांत निवाडा देणारा गावचा पंच दिसला. विठोबा, खंडोबा, पंचोबा! परका शब्द आपलासा करण्याची याहून मोकळी रीत मी पाहिलेली नाही.

क्रिकेटमधला पंच?

तो अस्सल आपला. पाच जणांनी मिळून न्याय द्यायचा म्हणून पंच, त्यावरून पंचायत, पंचनामा, आणि अंपायरला पंच. फ्रायरचं म्हणणं खरं असेल तर मैदानातला पंच आणि वाडग्यातला पंच हे चुलत भाऊ ठरतात.

पिण्याचे आणखी कोणते इंग्रजी शब्द आपल्या बाजूने गेले?

ताडीवरून ‘टॉडी’. स्कॉटलंडमध्ये व्हिस्की, गरम पाणी आणि साखर घालून थंडीत पितात ती ‘हॉट टॉडी’, तिचं नाव आपल्या ताडाच्या झाडावरून उतरलं आहे. याबद्दल फारशी शंका नाही.

अरबीतल्या ‘पिणे’ या धातूवरून शरबत, शराब आणि सिरप हे तिन्ही आले. ‘श्रब’ नावाचं एक जुनं इंग्रजी पेयही त्यातलंच.

‘मिंट जुलेप’मधला जुलेप म्हणजे फारसी ‘गुलाब’, शब्दशः गुलाबपाणी. अरबीत त्याचा ‘जुलाब’ झाला. औषध गोड पाण्यातून देत म्हणून औषधालाच जुलाब म्हणू लागले, आणि आपल्याकडे तो शब्द पोट साफ करणाऱ्या औषधावर येऊन थांबला. अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीला चांदीच्या पेल्यातून पितात तो जुलेप आणि आपले जुलाब हे एकाच शब्दाचे दोन टोकांचे प्रवास आहेत.

फ्रूट पंचमध्ये दारू असते का?

आपल्याकडच्या शाकाहारी हॉटेलांत, लग्नाच्या स्वागतपेयात आणि बाटलीबंद सरबतात सहसा नसते. परदेशात किंवा बारमध्ये असाल तर विचारून घ्या. पंच हा शब्द दारू आहे की नाही ते सांगत नाही.

घरी बिनदारूचा पण जुन्या चवीचा पंच करता येतो का?

येतो, आणि मी दर उन्हाळ्यात करतो. कॅरिबियन बेटांवर एक जुनं प्रमाण आहे: एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक, चार भाग पाणी. मसाला धरून पाच. कडक म्हणून मी दाट कोरा चहा घेतो. त्याचा तुरटपणा दारूची जागा बऱ्यापैकी भरून काढतो.

चार कागदी लिंबं धुऊन पुसून त्यांची साल पातळ काढा. पांढरा भाग आला तर कडू होतं. एक वाटी साखर खलात घेऊन त्यात साल घाला आणि बत्त्याने हलक्या हाताने चेपत राहा. पाच-सात मिनिटांत साखर ओलसर दिसू लागते आणि लिंबाचा नव्हे, लिंबाच्या पानाचा असतो तसा वास सुटतो. ते सालीतलं तेल. अर्धा तास झाकून ठेवा. मग अर्धी वाटी लिंबाचा रस घाला, त्याला सात-आठ लिंबं लागतील. साखर विरघळली की गाळून साल काढून टाका. त्यात गार केलेला दीड वाटी कोरा चहा आणि दोन वाट्या माठातलं पाणी ओता.

जायफळ शेवटी. आधी किसून ठेवलेलं नको. वाडगा मधोमध आला, माणसं बसली, की सगळ्यांच्या देखत किसणीवर चार वेळा घासा आणि ओगराळं घालून ढवळा.